दोन चापट्यांचं इंजिन

मिस्त्रींच्या निळ्या गाडीचं इंजिन एका 'हो'पायी गेलं. ही गोष्ट दोनच माणसांना ठाऊक होती, खुद्द मिस्त्रींना आणि त्यांच्या मुलीला. मुलीने ती बरेच दिवस कुणाला सांगितली नाही आणि मिस्त्रींना सांगता येत नव्हती.

आधी मिस्त्री कसे होते ते ऐका, म्हणजे पुढचं कळेल. घराच्या पुढच्या अंगणातच त्यांचं गॅरेज. वर पत्रा, खाली तेल पिऊन पिऊन काळी पडलेली फरशी, भिंतीवर ओळीने टांगलेले पाने. लोक पाठीमागे त्यांना नन्नामिस्त्री म्हणायचे आणि त्यात खोटं काही नव्हतं. गिऱ्हाईक गाडीतून एक पाय खाली टेकतंय न टेकतंय तोच यांचा नन्नाचा पाढा सुरू. संध्याकाळपर्यंत होणार नाही. हलका पार्ट मी घालणार नाही. तुम्ही मला शिकवायचं नाही. घरातही तीच तऱ्हा. बायको म्हणाली नवे पडदे घेऊ, तर नाही. चार दिवस कुठे जाऊन येऊ, तर नाही. मुलगी म्हणाली मी गाणं शिकते, तर नाही म्हणाले नाहीत, पण तोंड असं केलं की तिनेच नाद सोडला. माणूस वाईट नव्हता हो. आधी नाही म्हणून टाकायचं आणि मग सावकाश विचार करायचा, अशी सवयच लागलेली.

कौतुक करायचं तर त्याची त्यांची एकच रीत होती. गाडी दुरुस्त झाली की स्वतः एक फेरी मारून आणायची, इंजिन चालू ठेवून थोडा वेळ कान द्यायचा आणि मनासारखं असेल तर बॉनेटवर डाव्या तळहाताने दोन चापट्या मारायच्या. धप्, धप्. झालं, गाडी पास. 'छान झालंय' वगैरे बोलायची भानगड नाही. पण त्या दोन चापट्या पडल्या की त्या गाडीला परत कुणी हात लावायचा नाही, असा गॅरेजचा कायदा. गिऱ्हाईकंही अशी सरावलेली की चापट्या ऐकल्याशिवाय किल्ली घ्यायची नाहीत.

आणि अशा माणसाची एका सकाळी दात घासता घासता उजवी बाजू गेली. बेसिनपाशीच खाली बसले. हॉस्पिटलमधून परत आले ते चाकांच्या खुर्चीतून. उजवा हात मांडीवर ठेवला तर तिथेच राहायचा. आणि शब्द? सगळे गेले. एकच तेवढा मागे राहिला होता, तो म्हणजे 'हो'. बघा, थट्टा करायची तरी किती! ज्या माणसाने जन्मभर नाहीवर संसार केला त्याच्या तोंडात नेमका हो ठेवला.

डोकं मात्र शाबूत होतं. सगळं ऐकू यायचं, सगळं कळायचं. रस्त्यावरून गाडी गेली की तिचा कुठला पट्टा सैल झालाय हे अजूनही कळायचं. पण बोलायला जावं तर जीभ आपली एकाच गोष्टीवर अडून बसलेली. नाही म्हणायचं ठरवून तोंड उघडलं तरी बाहेर पडायचं हो. मान हलवून सांगू म्हटलं, तर मानही हो म्हणूनच हलायची. डाव्या हाताने लिहून बघितलं, तर कागदावर नुसत्या रेघोट्या. दुपारी घरात सामसूम झाली की मिस्त्री कपाटाच्या आरशासमोर बसून प्रयत्न करायचे. जीभ दातांच्या मागे नेऊन टेकवायची. न. नुसता न. घाम फुटायचा. आणि मग आरशातला तो वाकड्या तोंडाचा माणूस त्यांना म्हणायचा, हो.

घरच्यांच्या हे लक्षात कसं आलं नाही, असं तुम्ही विचाराल. अहो, आजारी माणसाला आपण विचारतो तरी काय? चहा घेता? हो. बरं वाटतंय? हो. पडायचंय का जरा? हो. सगळं कसं जागच्या जागी बसायचं. उलट बायको तर हरखलीच होती. इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा तिच्या शब्दाला मान देत होता! नवे पडदे आले. रेडिओ खिडकीतून हलला. "थंडी वाजते का हो?" "हो." मग भर उन्हाळ्यात मिस्त्रींच्या अंगावर लोकरीची शाल. ते आतल्या आत उकडून निघत आणि ती शालीची टोकं प्रेमाने खोचत राही. एकदा तिने "अजून भात वाढू?" विचारलं, हे हो म्हणाले आणि मग एक घासही खाल्ला नाही. तिला तेव्हा जरा चुकल्यासारखं वाटलं होतं. पण आजारपणात भूक अशीच असते म्हणून तिने ताट उचललं.

डॉक्टरांनी घरी सोडतानाच सांगितलं होतं, शहराच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई आहेत. जिभेला पुन्हा वळण लावतात. पण लवकर न्या, पहिले काही महिनेच खरे कामाचे, नंतर ते वळण बसत नाही. मिस्त्रींनी हे ऐकलं आणि त्यांचा जीव त्या बाईंपाशी जाऊन बसला. दुसरं काही नको होतं त्यांना. चालायला नाही आलं तरी चालेल. एक नाही म्हणता आलं की पुरे.

बाईंची वेळ मिळाली. मुलीने बाबांना निळ्या गाडीत पुढच्या सीटवर बसवलं, आई मागे बसली आणि निघाले. ही गाडी मिस्त्रींनी स्वतः जोडलेली. दार अमक्या गाडीचं, सीट तमक्या गाडीची, इंजिन मात्र मूळचं, आणि आजपर्यंत कुणाला हात लावू न दिलेलं. अर्ध्या वाटेत मिस्त्रींना वास आला. गरम झालेल्या रेडिएटरच्या पाण्याचा, गोडसर. नंतर मुलीला इंजिनाचं तापमान दाखवणारी सुई दिसली.

"बाबा, ही सुई वर चाललीय. दवाखान्यापर्यंत चालेल ना?"

थांब! बंद कर आधी इंजिन! मिस्त्री मनात बोंबलले. जीभ दातांमागे गेली.

"हो," मिस्त्री म्हणाले.

बाबा म्हणाले चालेल, म्हणजे चालेलच. पुढच्या चढावर पांढरा धूर निघाला आणि गाडी उभी राहिली ती राहिलीच.

गाडी ओढून आणली ती दहा-अकरांनी. हे मिस्त्रींचे जुने शिष्य, आता गॅरेज तेच बघतात. शिकाऊ असताना कुठलाही पाना मागा, हे दहा-अकराचाच आणून द्यायचे, म्हणून ते नाव पडलं. आता डोक्यावरचे केस गेले तरी नाव काही जात नाही. त्यांनी इंजिनाचं वरचं हेड उतरवलं, टॉर्च मारला आणि कपाळाला हात लावला.

"ब्लॉकला तडा गेलाय. यात आता काही राम नाही. ताई, सुई बघितली नाही का हो तुम्ही?"

मुलीने एकवार बाबांकडे पाहिलं. बाबांचा अंदाज चुकला, गाडीच्या बाबतीत चुकला, हे त्यांच्याच शिष्यापुढे सांगायचं? आजारपणाने एवढं नेलं, वर हेही?

"नाही बघितली," ती म्हणाली. "लक्षच नव्हतं माझं."

सगळं खापर तिने आपल्या डोक्यावर फोडून घेतलं. आईने तिला दोन शब्द सुनावले, ते तिने खाली मान घालून ऐकले. माझी गं पोर ती, तिचा काही दोष नाही, असं मिस्त्रींना ओरडून सांगायचं होतं. "बघा ना, कसलं हे ड्रायव्हिंग!" बायको म्हणाली. "हो," मिस्त्री म्हणाले आणि मुलगी उठून आत गेली.

बाईंची पुढची वेळ मिळाली ती थेट दोन महिन्यांनी. बायकोने विचारलं, "अहो, आपली गाडी होईल ना तोवर? की भाड्याची बघू? आपलीच बरी, नाही का?" भाड्याची बघ, हवं तर पाठीवर घालून ने मला, पण ने. "हो," मिस्त्री म्हणाले. बायको मुलीला म्हणाली, "बघ, गाडीचा अभिमान काही सुटला नाही त्यांचा. दुसऱ्याच्या गाडीत बसायचे नाहीत ते." म्हणजे आता निळ्या गाडीत दुसरं इंजिन बसवायचं. बसलं तर मिस्त्री बाईंकडे पोचणार, नाही बसलं तर पुन्हा रखडणार.

झालं, घरात सल्लागारांना ऊत आला. त्यात पहिला मान मिस्त्रींच्या मेहुण्याचा. हा बायकोचा धाकटा भाऊ. फर्निचरच्या दुकानात विक्रेता, पण गाड्यांवर बोलायला लागला की वाटावं यानेच चाकाचा शोध लावला.

"ताई, मी सांगतो ऐक. बसवायचंच तर मोठं बसवा. दोन हजार सीसीचं! चढावर काय पळेल! भाऊजी, बरोबर ना?"

"हो."

"बघा! भाऊजी म्हणतात बरोबर!"

दहा-अकरांच्या अंगाचा तिळपापड झाला. "अहो, त्याची माउंटिंग कुठे जुळणार? गिअरबॉक्स कुठला लावणार? पुढचा एक्सल झुकून जमिनीला नमस्कार करेल. जे होतं तेच इंजिन शोधायचं, त्याच जातीचं, त्याच मापाचं. वस्ताद, असंच ना?"

"हो," मिस्त्री म्हणाले आणि हा हो खरा होता. पण शेजारीच मेहुण्याचा हो पडलेला होता आणि दोघांचं वजन सारखंच. शेवटी बायकोने निकाल दिला. "उगाच वाद नको. बाजारात यांनाच घेऊन चला. यांच्याइतकं इंजिन कुणाला कळतं? समोर ठेवा, हे सांगतील कुठलं ते."

सगळ्यांना हे पटलं. मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं.

जुन्या इंजिनांचा बाजार म्हणजे गावाबाहेर पत्र्याच्या कुंपणातलं मैदान. दारं एकीकडे, चाकं एकीकडे, इंजिनं लाकडी ओंडक्यांवर मांडलेली. खुर्चीची चाकं खडीत रुतायला लागली तेव्हा मेहुणा आणि दहा-अकरा दोघांनी ती उचलूनच आत नेली. बायको छत्री धरून बाजूने चाललेली. भंगारवाला एखाद्या पाहुण्याला दाखवावं तसं एकेक इंजिन दाखवत होता. निळ्या गाडीच्या मापाची दोन निघाली.

पहिलं कोपऱ्यात होतं. अंगावर काळ्या तेलाचा जाड थर, त्यावर धूळ, त्यावर कबुतरांनी केलेला प्रसाद. मिस्त्रींचे डोळे त्याच्या बोल्टांवर गेले. एकाच्याही कडा झिजलेल्या नव्हत्या. म्हणजे हे कधी कुणी उघडलेलंच नाही. दहा-अकरांनी पुलीवर पाना लावून ते फिरवलं. सुरेख फिरलं, चारी सिलिंडरांत सारखाच दाब देत. मिस्त्रींना वाटलं, गड्या, किती दिवसांनी आपल्यातला कुणी भेटला.

दुसरं मधोमध, सावलीत. धुतलेलं, पुसलेलं, वरून चंदेरी रंग दिलेला. मेहुणा तर त्यात आपला चेहरा बघायला लागला. "व्वा! याला म्हणतात माल!" हेही फिरलं. दहा-अकरांनी वरून टोपी उघडून पाहिली, आतही लखलखीत.

उभ्या माणसांना वरचंच दिसत होतं. मिस्त्री खुर्चीत बसलेले, त्यांचे डोळे इंजिनाच्या पोटाशी आले होते. स्टार्टर बसतो त्या भोकाच्या आत, जिथे रंगाचा फवारा पोचला नव्हता, तिथे वाळलेला बारीक गाळ होता. पिवळट, पावडरीसारखा. आणि वास. रंगाच्या वासाखालून येणारा तो कुबट, साचलेल्या पाण्याचा वास. हे इंजिन बुडालेलं आहे. गाडी पाण्याखाली गेली असणार, गाळ पार बेअरिंगपर्यंत शिरला असणार. वरून धुतलं म्हणून आतलं जात नाही. महिना चालेल, दोन महिने चालेल, आणि मग एका चढावर जीव सोडेल.

"वस्ताद," दहा-अकरांनी वाकून विचारलं, "हे चंदेरी घ्यायचं का?"

मिस्त्रींनी सगळा जीव जिभेत आणला. न. न. न.

"हो," ते म्हणाले. आपलाच हो ऐकून ते पिसाळले. "हो! हो! हो!"

"ऐका, ऐका," मेहुणा हसला. "भाऊजींचं मन बसलंय."

मग मिस्त्रींनी डावा हात उचलला. तोंड माझं नाही, निदान हात तरी माझा आहे. या हाताने ढकलून देतो या थोतांडाला, म्हणजे कळेल गाढवांना! सगळा राग त्या तळहातात आणून त्यांनी चंदेरी इंजिनावर हाणला. धप्. आणि मग काय झालं त्यांचं त्यांनाच कळलं नाही. आयुष्यभर जो हात कधी एका चापटीवर थांबला नव्हता तो आत्ताही थांबला नाही. आपसूक उचलला गेला आणि पुन्हा पडला.

धप्.

मग दहा-अकरांनी खिशातून मळका रुमाल काढून डोळ्यांना लावला. "काकू, बघितलंत? दोन चापट्या! किती दिवसांनी ऐकल्या!" बायको रडायला लागली, मुलगीही. भंगारवाल्याला काही कळलं नाही, पण सौदा झाला एवढं त्याने ओळखलं. मिस्त्री कोपऱ्यातल्या काळ्या इंजिनाकडे झुकत होते, डावा हात तिकडे लांबवत होते. "पडाल ना!" म्हणून बायकोने त्यांना खांद्याला धरून मागे ओढलं. "दमले बिचारे. चला आता, ऊन लागतंय त्यांना."

चंदेरी इंजिन घरी आलं आणि साखळीला लटकवलं गेलं. दहा-अकरा नियमाने चालणारा माणूस. जुनं इंजिन बसवायच्या आधी खालचं चेंबर उघडून बेअरिंग बघायचीच, हे मिस्त्रींनीच त्यांना शिकवलेलं. त्यांनी पाना हातात घेतलासुद्धा. मिस्त्री खुर्चीतून बघत होते. उघड बाबा, उघड, एकदा उघड!

दहा-अकरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पाना खाली ठेवला. "नाही वस्ताद. तुमच्या दोन चापट्या पडल्यावर मी चेंबर उघडू? एवढा मोठा नाही झालो अजून."

मिस्त्रींना रडू फुटलं. दहा-अकरांना वाटलं, वस्ताद भरून पावले. त्यांनी वाकून पाय धरले.

इंजिन बसवायचं काम चाललं होतं त्याच दिवसांतली एक दुपार. बायको अंगणात मिस्त्रींची नखं कापत बसली होती. नखांच्या कडांत जन्मभर बसलेलं काळं आता पार गेलं होतं. "तुमचे हात ओळखूच येत नाहीत मेले," ती म्हणाली. पुढचं बोट नेलकटरखाली घेतलं. मग तिने मान वर न करता विचारलं, "एक विचारू? आता म्हातारपणी विचारते म्हणून हसू नका. मी आवडले का हो तुम्हाला कधी?"

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले. भांगात पांढरे झालेले केस, नाकावर घसरलेला चष्मा, ओठांत धरलेली जीभ. अगं वेडे, तू नसतीस तर मी कुठे असतो? हे कधी सांगितलं नव्हतं, कारण तिने कधी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर तेव्हा ते म्हणाले असते, हे काय बोलणं झालं, काम नाही का तुला?

"हो," मिस्त्री म्हणाले. त्या दिवशी जीभ आणि मन एका जागी आली. त्यांना स्वतःला ते इतकं नवीन वाटलं की त्यांनी पुन्हा म्हटलं, "हो."

बायको लाजली, अगदी पोरीसारखी. "इश्श, एकदा म्हटलं ते पुरे!" पण पुढचे कितीतरी दिवस तिचा पाय जमिनीवर नव्हता. भावाला सांगून झालं, शेजारणीला सांगून झालं, मुलीला तर तीनदा. मिस्त्री ते ऐकत आणि त्यांना वाटे, बाकी सगळं जाऊ दे, एक हो तरी आपण ठिकाणी पोचवला.

ठरल्या दिवशी निळी गाडी अंगणातून निघाली. नवं इंजिन गेले कितीतरी दिवस झकास चाललं होतं, नाही म्हणायला जागा नव्हती. मिस्त्री या वेळी मागे बसले होते, बायकोच्या शेजारी, अंगावर शाल. पुढे मुलीजवळ मेहुणा. गाव मागे पडलं आणि मिस्त्रींना ते ऐकू आलं. अगदी बारीक. दाराच्या आड कुणीतरी नखाने वाजवावं तसं. टक. टक. टक. बाकी कुणाच्या कानावरही नव्हतं. मेहुणा सोफ्यांविषयी बोलत होता. मिस्त्रींनी डाव्या हाताने पुढची सीट धरली आणि ते ओरडायला लागले, "हो! हो! हो!"

"आले, आले, पोचतोच आपण," बायको त्यांचा हात थोपटत म्हणाली. "घाई झालीय त्यांना."

चढ लागला तेव्हा आवाज सगळ्यांनाच ऐकू आला. मुलीने आरशातून बाबांकडे पाहिलं, विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. काही न विचारता तिने गाडी कडेला घ्यायला सुरुवात केली. शहाणी पोर! पण उशीर झाला होता. आतून एक कर्कश किंकाळी आली, गाडीने आचका दिला आणि सगळं गप्प झालं.

दहा-अकरा गॅरेजची टेम्पो-व्हॅन घेऊन आले. त्यांनी इंजिनातलं तेल मोजायची पट्टी ओढून काढली, दोन बोटांत तेल चोळलं. चोळतच राहिले.

"गाळ आहे," ते म्हणाले. "बुडालेलं इंजिन होतं हे." आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज वस्तादांवर चढला. खिडकीशी वाकून ते जवळजवळ रडतच म्हणाले, "वस्ताद, अहो, मी चेंबर उघडणार होतो! तुम्ही चापट्या मारल्यात. तुम्हीच हो म्हणालात ना?"

"हो," मिस्त्री म्हणाले.

बायको नवऱ्याकडे बघत होती. काहीतरी तिच्या मनात उभं राहत होतं. न खाल्लेला भात. शालीखाली घामाने भिजलेला सदरा, जो ती रोज वाळत घालत होती. तिने हळूच विचारलं, "अहो, मी तुमची आई आहे का?"

"हो."

मेहुणा फस्सकन हसला. तिने त्याच्याकडे बोट केलं. "आणि ही तुमची सून का?"

"हो," मिस्त्री म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मेहुण्याचं हसू तोंडातच राहिलं. दहा-अकरा रस्त्याच्या कडेला दगडावर बसले.

मुलगी गाडीतून उतरली, मागचं दार उघडून बाबांच्या गुडघ्यांपाशी बसली. "आई, मी एक सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सुई वर गेली तेव्हा मी विचारलं होतं बाबांना. ते हो म्हणाले होते." तिने बाबांचा डावा हात धरला. "बाबा, खरं सांगा. तेव्हाही तुम्हाला कळलं होतं ना? आणि हे इंजिनसुद्धा? तुम्हाला सगळं कळत होतं?"

कळत होतं, बाळा. सगळं कळत होतं. मिस्त्रींनी तिच्या डोळ्यांत बघून, शब्दावर सगळा भार टाकून सांगितलं, "हो."

ती बघत राहिली. विश्वास ठेवू की नको, असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

"जाऊ दे गं," आई मागून म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं. "ते सगळ्यालाच हो म्हणतात."

दवाखान्यात फोन लावला. आजची वेळ गेली, बाईंपुढे दुसरा पेशंट बसलाय, पुढचं नाव पुन्हा दोन महिन्यांनी. बरं, म्हणून मुलीने फोन ठेवला. दहा-अकरांनी दोर बांधला आणि निळी गाडी व्हॅनच्या मागून घरच्या दिशेने ओढली जाऊ लागली. इंजिन बंद, त्यामुळे आत फक्त चाकांचा आवाज. पुढे मुलगी आणि मामा.

बायको खिडकीतून बाहेर बघत होती. बराच वेळ बघत होती. मिस्त्रींना माहीत होतं ती कशापाशी पोचलीय. त्यांनी डाव्या हाताने तिची बाही ओढली.

ती वळली नाही. "म्हणजे," ती काचेलाच म्हणाली, "मी नखं कापताना विचारलं होतं, ते तुमचं उत्तरही असंच होतं तर."

नाही! मिस्त्रींनी डोळे घट्ट मिटले. जीभ दातांच्या मागे नेली, टेकवली, दाबून धरली. कपाळाची शीर तट्ट फुगली. एकदा. एकदाच येऊ दे. पुन्हा कधी काही मागणार नाही. न.

"हो," मिस्त्री म्हणाले.

बायकोने मान हलवली. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि मिस्त्रींची घसरलेली शाल वर ओढून गळ्यापाशी नीट खोचली. थंडी वाजते का, हे मात्र तिने विचारलं नाही.